बियाणं दळायला देऊ नका

कंबर धरली म्हणून दवाखान्याची पायरी चढणाऱ्या बहुतेकांची कंबर खरोखर नुसतीच धरलेली असते. पण ज्या बीड जिल्ह्यातली लाखो माणसं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन घर सोडतात आणि पुढचे चार-पाच महिने डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहतात, तिथं कंबरदुखीकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, ही खरी अडचण आहे. पन्नाशीचा माणूस म्हणतो, मोळ्यांनी कंबर गेली. घरचे म्हणतात, वय झालं. तालुक्याला इंजेक्शन मिळतं, दोन दिवस बरं वाटतं. माणूस पांढराफटक पडत चाललाय, चार पावलं चालला की धापा टाकतोय, पायावर सूज येतेय, हे सगळं अशक्तपणाच्या खात्यावर जमा होतं. सहा-आठ महिन्यांनी साधं वाकण्याचं निमित्त होतं आणि मणका दबतो. मग बीड, मग छत्रपती संभाजीनगर नाहीतर लातूर, मग मुंबई.

अशा काहींच्या दुखण्याचं नाव मल्टिपल मायलोमा असतं. हाडांच्या मगजातल्या प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात, हाडं पोखरतात, रक्त उतरवतात, मूत्रपिंडं बिघडवतात. पाश्चात्त्य देशांत हा म्हातारपणाचा आजार. आपल्याकडे तो आधीच गाठतो, पुष्कळदा ऐन कर्त्या वयात. दुखण्यावर मारलेली डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं दमलेल्या मूत्रपिंडांना आणखी खाली नेतात ते वेगळंच. हा आजार मुळासकट जातो असं म्हणता येत नाही. पण आजची औषधं आणि त्यानंतर मूळपेशींचं प्रत्यारोपण यांनी पुष्कळांना चांगली, हिंडती-फिरती वर्षं मिळतात. या प्रत्यारोपणाला दुसऱ्या कुणाचं काही लागत नाही. रोग्याच्याच मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, काढून ठेवायच्या. मेल्फलान नावाचं जालीम औषध मोठ्या मात्रेत देऊन मगज साफ करायचा. आणि ठेवलेल्या पेशी शिरेतून परत सोडायच्या. दहा-बारा दिवसांत त्या मगजात जाऊन रुजतात, नवं रक्त तयार करू लागतात.

दुष्काळ पाहिलेल्या जिल्ह्याला हे फोड करून सांगायला नको. घरात कितीही ओढगस्त असली तरी पेरणीचं बियाणं दळायला जात नाही. रोग्याच्या मगजातलं हे बियाणं मात्र आपण नकळत दळून बसतो, आणि मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत पेरायला काही उरत नाही. बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक अशा रोग्याच्या, आणि रोग्याला देऊ शकणाऱ्या प्रत्येक दात्याच्या मूळपेशी वेळेत राखल्या गेल्या पाहिजेत, एवढंच या लेखाचं मागणं आहे. ते पुरं करायला बीडमध्ये नवी इमारत लागत नाही.

मूळपेशी एरवी हाडांच्या मगजातच असतात. वाहत्या रक्तात त्या जवळपास सापडत नाहीत. १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं, ते नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाचा मगज देऊन. तेव्हा दात्याला भूल द्यायची आणि कमरेच्या हाडात पुन्हा पुन्हा सुई घालून मगज ओढून घ्यायचा, हीच रीत होती. आता बहुतेकदा तसं करावं लागत नाही. जी-सीएसएफ नावाचं इंजेक्शन चार-पाच दिवस रोज कातडीखाली देतात. मगजात पेशींची पैदास वाढते, मूळपेशींची तिथली पकड सुटते आणि त्या रक्तात उतरतात. हाडं ठणकतात, डोकं दुखतं, पॅरासिटामॉलने भागतं. इंजेक्शनं थांबली की दोन-चार दिवसांत ठणकाही थांबतो. पाचव्या दिवशी सकाळी रक्त तपासायचं. मूळपेशींच्या अंगावर सीडी-३४ नावाची खूण असते, ती मोजायची. एका मायक्रोलिटरमागे वीसच्या वर भरल्या तर यंत्रावर घ्यायला हरकत नाही. दहाच्या खाली असतील तर डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते.

यंत्रावर घेतात म्हणजे काय करतात, हे नीट कळलं तर निम्मी भीती जाते. माणूस खाटेवर आडवा असतो. एका हाताच्या शिरेतून, शिरा बारीक असतील तर मानेजवळच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, रक्त यंत्रात जातं. यंत्र ते गरगर फिरवून त्याचे थर पाडतं, पांढऱ्या पेशींचा नेमका पातळ थर उचलतं आणि बाकी सगळं रक्त परत अंगात सोडतं. असे तीन ते पाच तास. तेवढ्या वेळात दहा-पंधरा लिटर रक्त यंत्रातून फिरतं, म्हणजे अंगातलं सगळं रक्त दोन-तीनदा. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालतात. ते कॅल्शियम धरून बसतं, म्हणून ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. सिस्टर कॅल्शियम देतात, मुंग्या जातात. सुई असलेला हात वाकवायचा नाही, त्यामुळे नाक खाजलं तर ते दुसऱ्याने खाजवायचं. अखेरीस टांगलेल्या पिशवीत दोनअडीचशे मिलिलिटर लालसर द्रव जमतो. वजनाच्या किलोमागे किमान वीस लाख मूळपेशी हव्यात, चाळीस-पन्नास लाख मिळाल्या तर उत्तम. साठ किलोच्या माणसाला किमान हिशेबाने बारा कोटी पेशी झाल्या. एका दिवसात नाही भरल्या तर दुसऱ्या दिवशी परत बसायचं.

आणि उतरल्याच नाहीत तर? पूर्वी काही आठवडे थांबून पुन्हा प्रयत्न करत, नाहीतर प्रत्यारोपणाचा नाद सोडत. मग प्लेरिक्साफॉर आलं. हे औषध मुळात एड्सच्या विषाणूवर चालेल म्हणून तयार केलेलं. त्या कामात ते फारसं उपयोगी पडलं नाही, पण घेणाऱ्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या आणि संशोधकांचे कान टवकारले. मूळपेशींना मगजात बांधून ठेवणारा रासायनिक दुवाच हे औषध तोडतं. २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आता भारतीय कंपन्याही ते बनवतात. तरी ते गरिबाच्या खिशाला जडच आहे. म्हणून कित्येक केंद्रं ते सरसकट देत नाहीत. जी-सीएसएफच्या चौथ्या दिवशी मोजणी करायची, ज्याची कमी भरेल त्यालाच संध्याकाळी डोस द्यायचा, सकाळी यंत्रावर घ्यायचं. औषधही वाचतं आणि माणूसही हातचा जात नाही.

पैसा वाचवणारी आणखी एक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. पेशी वर्षानुवर्षं टिकवायच्या तर द्रवरूप नायट्रोजन लागतो, उणे १९६ अंशांचा. ती यंत्रणा सगळ्यांना परवडत नाही. पण मायलोमात मेल्फलान एका दिवसात देऊन होतं, पेशी दोन-तीन दिवसांतच परत द्यायच्या असतात. तेवढ्यापुरतं रक्तपेढीतलं चार अंशांचं फ्रीज पुरतं. भारतातली अनेक केंद्रं अशीच प्रत्यारोपणं करतात. म्हणजे हा सगळा श्रीमंतांचा खेळ आहे, आपल्यासारख्यांनी त्या वाटेला जाऊ नये, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

बियाणं दळलं जातं ते याच्या फार आधी, आणि बहुतेकदा आपल्याच जिल्ह्यात. मेल्फलानच्या गोळ्या स्वस्त पडतात म्हणून कुणी त्या महिनोन्महिने देत राहिलं, तर मूळपेशी मरतात. लेनालिडोमाइड हे औषध चांगलं आहे, पण ते लांबत गेलं की पेशी रक्तात उतरेनाशा होतात. म्हणून साधारण चार आवर्तनं झाली, रोग आटोक्यात आला, की पेशी काढून घ्यायच्या असतात. दुखतंय म्हणून कमरेच्या हाडांना मोठ्या भागावर किरण दिले तर तिथला मगज जळतो, आणि प्रौढ माणसाच्या मगजाचा मोठा साठा नेमका तिथंच असतो. यातलं काहीही निष्काळजीपणाने होतं असं मी म्हणत नाही. रोगी दुरून आलेला असतो, पैसे संपलेले असतात, समोरचा डॉक्टर त्याला आज थोडा आराम कसा पडेल ते बघतो. पण त्या आजच्या आरामाची किंमत पुढे प्रत्यारोपणाच्या दारात मोजावी लागते.

म्हणून आष्टीपासून परळीपर्यंतच्या डॉक्टर मंडळींना हात जोडून एक विनंती आहे. चाळिशी ओलांडलेला माणूस दीड-दोन महिने न हटणारी पाठदुखी घेऊन आला, आणि त्याचं हिमोग्लोबिनही उतरलेलं असलं, तर इंजेक्शनाच्या आधी क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस लिहून द्या. नमुना बाहेर पाठवावा लागला तर पाठवा. निदान मायलोमाचं निघालं तर पहिली गोळी सुरू करण्याआधी एक फोन करा, प्रत्यारोपण करणाऱ्या कुठल्याही केंद्राला. विचारायचं एकच: याच्या पेशी पुढे काढायच्या आहेत, औषध कुठलं आणि किती दिवस देऊ? आणि रोग्याच्या घरच्यांनो, डॉक्टरांनी हा प्रश्न काढला नाही तर तुम्ही काढा. विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

बीड जिल्ह्यात प्रत्यारोपणाची सोय नाही. ती लगेच व्हावी अशी मागणी करणाऱ्यांत मी नाही. त्यासाठी गाळलेल्या हवेच्या खोल्या लागतात, रात्री-अपरात्री रक्त आणि प्लेटलेट लागतात, जंतुसंसर्गाशी दिवसरात्र झुंजणारी माणसं लागतात. नुसती फीत कापून ते होत नाही. पण अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय सत्तरच्या दशकापासून उभं आहे. डोंगराळ, रेल्वेपासून लांब राहिलेल्या मुलखासाठी म्हणून ते काढलं गेलं. तिथं महिन्यातून एक दिवस रक्तविकार तज्ज्ञाची बाह्यरुग्ण तपासणी, आणि मोठ्या केंद्राशी बोलून रोग्याचे कागद, तारखा, औषधं यांचा माग ठेवणारा एक समन्वयक, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. जी-सीएसएफची इंजेक्शनं आणि रोजची रक्तमोजणी मोठ्या केंद्राच्या देखरेखीखाली जिल्ह्यातच झाली, तर रोग्याचे मुंबईतले तेवढे दिवस वाचतील. ज्यांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल का म्हणून खेटे घातले आहेत, त्यांना एकेका दिवसाची किंमत ठाऊक आहे. पुढची पायरी यंत्राची. डेंगीच्या साथीत एकाच दात्याकडून प्लेटलेट काढायला जे यंत्र वापरतात, त्याच जातीच्या यंत्रावर मूळपेशीही काढता येतात. किट वेगळं, कार्यक्रम वेगळा, हात मात्र शिकलेले हवेत. अशी यंत्रं घेताना ती दोन्ही कामांची घ्या, आणि दोन तंत्रज्ञ शिकायला पाठवा, असं आपल्या लोकप्रतिनिधींना सांगायला काय हरकत आहे?

आता दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांकडे वळू. ल्युकेमिया, थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया यांत स्वतःच्या पेशी बहुधा कामाच्या नसतात, दुसऱ्याच्या लागतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. अप्लास्टिक ॲनिमियात मगज कोरडा पडतो, रक्त चढवत राहावं लागतं. असं पोर दवाखान्यात दाखल झालं की आपल्याकडे पहिल्यांदा काय होतं? भाऊ शर्टाची बाही वर करून पुढे येतो, आणि सगळे त्याची पाठ थोपटतात. तिथंच थांबवा त्याला. ज्या भावाच्या पेशी पुढे लागणार आहेत त्याचं रक्त आधी चढवलं, तर रोग्याचं शरीर त्याच्या पेशींना ओळखून ठेवतं, आणि प्रत्यारोपणाच्या वेळी त्या नाकारण्याचा धोका वाढतो. आईबापांचं, चुलत्यांचं, कुठल्याच नातलगाचं रक्त नको. गावातल्या परक्या पोरांनी द्यावं, आणि ते पांढऱ्या पेशी गाळून चढवावं. भावाने आपली बारी येईपर्यंत दम धरावा. त्याचं खरं दान पुढेच आहे.

पण तो भाऊ त्या वेळी कुठे असेल? नोव्हेंबर ते मार्च या काळात कोल्हापूर-सांगलीच्या नाहीतर बेळगावच्या फडात. मुकादमाकडून उचल घेतलेली, जोडीने कोयता धरलेला. एक दिवस कामाला दांडी मारली की खाडा कापला जातो. दात्याला तपासणी, इंजेक्शनं, पेशी काढणं, दोन दिवस विश्रांती धरून दहा-बारा दिवस तरी मोकळं राहावं लागतं. जोडीतला एक गेला की दुसऱ्याचंही काम अडतं. उद्या कुणी भाऊ ‘मला यायला जमणार नाही’ म्हणाला, तर त्याला निर्दय ठरवण्याआधी त्याच्या उचलीचा आकडा विचारा.

इथं मुकादमांना आणि कारखान्यांना आवाहन आहे: रक्ताच्या नात्यातल्या रोग्याला मूळपेशी द्यायला निघालेल्या कोयत्याचा खाडा धरू नका. आणि लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे मागणी आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी कारखान्यांकडून गाळलेल्या उसामागे टनाला दहा रुपये घेण्याचं ठरलं आहे. त्यातून दात्याच्या बुडालेल्या दिवसांची मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं द्यावं. दरसाल असे दाते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. महामंडळाला ते जाणवणारही नाही.

घरात जुळलं नाही तर निम्म्या जुळणीवर आईबाप किंवा मूलही आता दाता होऊ शकतं, ही अलीकडच्या काळातली मोठी सोय. तीही शक्य नसेल तर परका दाता. जगभरच्या नोंदणी यादीत चार कोटींहून जास्त दाते आहेत. दीडशे कोटींच्या घरात गेलेल्या भारताचा त्यातला वाटा काही लाखांपलीकडे नाही. ‘दात्री’, ‘डीकेएमएस’ या संस्था गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात आणि नाव नोंदवतात; अठरा ते पन्नास वयाचा धडधाकट माणूस चालतो.

आणि इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ‘रक्ताला जात नसते’ हे वाक्य आपल्या व्यासपीठांवर टाळ्या घेतं. रक्तगटाच्या बाबतीत ते खरं आहे. पण मूळपेशी जुळवताना ज्या एचएलए खुणा बघतात, त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोयरिकींतून आलेल्या असतात, आणि आपण शेकडो वर्षं सोयरिकी कुठे केल्या ते सांगायला नको. त्यामुळे वंजारी रोग्याला दाता वंजाऱ्यांत, मराठा रोग्याला मराठ्यांत, लमाण तांड्यावरच्या पोराला तांड्यांत, बीड-परळीच्या मुसलमान मोहल्ल्यातल्या मुलीला तिच्या बिरादरीत सापडण्याची शक्यता जास्त. यादीत यांपैकी कुणीच पुरेसं नाही. गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यात कोण कोणाच्या विरोधात हे मोजण्यात पुष्कळ ताकद गेली. तीच गर्दी जमवण्याची ताकद आपापल्या समाजातल्या हजार-हजार पोरांचे नमुने देण्यात लावा; कुणी कुणाचं देणं लागणार नाही, आणि गरज पडली तर भलत्याच ठिकाणचं कुणीतरी जुळूनही जाईल.

मुलींबद्दलही. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. ज्या बहिणी जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्यांतली एखादी आज कुणाची तरी चारातली एक ठरली असती. ज्या आहेत त्यांना ‘लग्न व्हायचंय, पोरीच्या अंगाला काही झालं तर’ म्हणून मागे ओढू नका. मूळपेशी दिल्याने मूल होण्यात अडचण येत नाही, आणि दात्यांच्या दीर्घ पाहण्यांत त्यांना कर्करोग जास्त होतो असं आढळलेलं नाही.

नमुना देणाऱ्यांना मात्र एक कडक गोष्ट. मित्रांनी आग्रह केला, फोटो काढायचा होता, म्हणून नाव नोंदवू नका. दाता जुळला की रोग्याला औषधं देऊन त्याचा मगज पूर्ण नाहीसा करतात. त्यानंतर दात्याने घरच्यांच्या धाकाने फोन बंद केला तर त्या माणसाकडे परतीची वाट नसते. नाव देण्याआधी आई-वडिलांशी, बायकोशी बोला. नकार द्यायचाच असेल तर तो पहिल्याच दिवशी द्या. त्यात लाज नाही.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख आहे. थॅलेसेमियाच्या मुलांच्या प्रत्यारोपणाला कोल इंडियाची बाल सेवा योजना दहा लाखांपर्यंत मदत करते. मुख्यमंत्री सहाय्यता निधीही आहे. शेत विकायला काढण्याआधी यांचे अर्ज भरा.

राहता राहिलं ते कुठून सुरू करायचं. दसऱ्याच्या मेळाव्यांना सावरगाव घाटला आणि नारायणगडावर माणसांचा पूर येतो, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ट्रॅक्टर फडाकडे निघतात. जिल्ह्यातली तरणी पोरं आणि कंबर धरलेली त्यांची माणसं एका जागी सापडण्याची वर्षातली ही एकच वेळ. यंदा दोन्हीकडच्या मांडवात दोन टेबलं मांडा: एक हिमोग्लोबिन तपासणीचं, एक गालाच्या नमुन्याचं. अंबाजोगाईच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांची माणसं बसवायला अधिष्ठात्यांकडे आणि शल्यचिकित्सकांकडे पत्र द्यावं लागेल, आणि नमुन्यांची किटं मागवायला नोंदणी संस्थांना महिनाभर तरी आधी कळवावं लागेल. पत्रं आत्ताच टाका.